आउटडोअरचे नाना

गुढीपाडवा झाला की डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये दोन आवाज सुरू होतात. एक कोकिळेचा, दुसरा ड्रिल मशिनचा. कोकिळेकडे नानांचं लक्ष नसतं. ड्रिलची पहिली घरघर कानावर पडली की ते पेपरची घडी घालतात, बंडीवर शर्ट चढवतात, खिशात मोजपट्टी टाकतात आणि आवाजाच्या दिशेने निघतात. एसी कोणाकडे बसतोय हे त्यांना कोणी कळवलेलं नसतं. दार उघडंच असतं, कारण फिटरची ये-जा चालू असते, आणि नाना फिटरच्या पाठोपाठ आत शिरतात.

हे नाना सगळीकडे असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे दुसऱ्या मजल्यावरचे काका. वय पासष्टच्या पुढे, पेन्शन सरकारी, गुडघे शाबूत, आणि स्वतःच्या घरी एसी नाही. ही शेवटची अट महत्त्वाची. ज्याच्याकडे एसी आहे त्याला वीजबिलाची काळजी असते. नानांना फक्त तत्त्वाची.

इनडोअर युनिटशी त्यांना कर्तव्य नाही. भिंतीवरची ती पांढरी पेटी त्यांच्या लेखी शोभेची वस्तू. खरा एसी बाहेर. काँप्रेसर बाहेर, आवाज बाहेर, कबुतरं बाहेर आणि शेजाऱ्यांशी होणारी भांडणंही बाहेरच. खोकं उघडताना ते घरमालकाला हमखास विचारतात, “दीड टन म्हणजे काय, सांगा बघू?” मालक युनिटच्या वजनाकडे बघतो. नाना याचीच वाट पाहत असतात. वजन जेमतेम तीस किलो. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसायची ताकद. हे ते मालकाला सांगतात, मालकिणीला सांगतात, आणि चहा आल्यावर चहा आणणाऱ्या मुलीलाही सांगतात.

मग फिटरची पाळी. फिटर आझमगढचा किंवा प्रतापगढचा, आणि नाना त्याच्याशी जी भाषा बोलतात तिला ते हिंदी समजतात. “स्टँड किधर मारता है? वो पोकळ ब्लॉक है. फास्टनर पकडेगा नहीं. बीम में मारो.” “पीछे वीतभर जागा सोडो, उसको श्वास लेने को लगता है.” भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, नाहीतर पाऊस आत येतो, यावर ते म्हणतात, “ढाळ दो, ढाळ. जून में समजेगा.” फिटरला निम्मं कळतं. पण नाना बोलतात ते खरं असतं, आणि हेच त्याचं दुःख आहे.

खरी लढाई पंपावरून होते. एक दोन सुताचा आणि एक चार सुताचा असे तांब्याचे दोन पाइप जोडले, नट आवळले, की आत अडकलेली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण एप्रिलमध्ये फिटरला संध्याकाळपर्यंत आणखी चार घरं गाठायची असतात. मग पंप पिशवीतच राहतो. तो व्हॉल्व्ह जरासा उघडतो, आउटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून हवा हुसकतो आणि “हो गया सर” म्हणतो. हवा जाते, ओल राहते. ती तेलात मिसळते आणि काँप्रेसरला आतून खाते. हे उघडकीला येईपर्यंत दोन उन्हाळे जातात, आणि फिटरचा नंबर लागेनासा होतो.

नाना स्टूल ओढून आउटडोअरकडे तोंड करून बसतात. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. “पंप लगाव. मेरे को टाइम है.”

नानांची सगळी सत्ता या वाक्यात आहे. फिटरला टाइम नाही, मालकाला ऑफिसचा कॉल आहे, सेक्रेटरी फोन उचलत नाही. अख्ख्या इमारतीत वेळ आहे तो एका माणसाकडे. पंप लागतो. तो घरघरत असताना फिटर बिडी काढतो, तर नाना तीही विझवायला लावतात. आर-32 गॅस थोडा का होईना, पेट घेतो. शेवटी मोजपट्टी बाहेर येते, कारण ठरलेल्या तीन मीटरच्या पुढचा पाइप फुटावर विकला जातो आणि फिटरचा फूट नानांच्या फुटापेक्षा आखूड असतो.

नाना सर्वज्ञ मात्र नाहीत. इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावरही चालणारा, हे त्यांनी पुष्कळ वर्षं ठामपणे सांगितलं. पहिल्याच लोडशेडिंगला एसी पंख्यासकट थंड पडला, तेव्हा त्यांनी दोष फिटरला दिला. काँप्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त होतो म्हणून त्याला इन्व्हर्टर म्हणतात, हे नातवाने समजावलं. नानांनी ऐकून घेतलं आणि विषय कबुतरांच्या जाळीकडे वळवला. “गॅस कम हो गया है” म्हणणाऱ्या मेकॅनिकला मात्र ते उभं करत नाहीत. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी ती दाखव, मग भर.

वैताग आणणारा माणूस आहे, यात शंका नाही. पण एक गोष्ट बघा. आउटडोअर टांगायला हेल्पर खिडकीबाहेर छज्ज्यावर उतरतो. विशीतला पोरगा, पायात स्लिपर, कमरेला काही नाही. वरून फिटर त्याची कॉलर धरतो, की सुरक्षेची व्यवस्था पूर्ण झाली. चाळीस हजारांचा एसी घेताना स्टार मोजणारे आपण सगळे त्या वेळी “जरा सांभाळून हं” एवढं म्हणून आत जातो. नाना जात नाहीत. त्यांनी स्वतःच्या पैशाने अंगभर बांधायचा सेफ्टी बेल्ट आणून माळ्यावर ठेवलाय. तो घातल्याशिवाय ते कोणाला पाय बाहेर टाकू देत नाहीत. हुक ग्रिलला अडकवला तर ओरडतात, कारण ग्रिल चार स्क्रूंवर उभी असते. दोर घरातून ओढत नेऊन जिन्याजवळच्या कॉलमला बांधायला लावतात. त्यात अर्धा तास जातो, फिटर कपाळावर हात मारतो, मालक घड्याळ बघतो.

तेव्हा यंदा एसी बसवणार असाल तर आदल्या दिवशीच बेल्ट मागून आणा. नानांच्या वहीत तारीख, फ्लॅट नंबर आणि सही लागते. परत देताना बकल पुसून द्यायचं.