हवा भरण्याची मुभा

निष्प्रयोजन हिंडणाऱ्या मनुष्याकडे सरकार नावाची संस्था पहिल्यापासून संशयाने पाहत आली आहे. वेशीवरचा पहारेकरी असो की नाक्यावरचा शिपाई, तू कोण, कुठला आणि कशासाठी निघालास, हे तीन प्रश्न तो ठरलेल्या क्रमाने विचारी, आणि ज्या इसमाला तिसऱ्याचे उत्तर देता येत नसे त्याची रात्र चावडीत जाई. या सनातन न्यायाला महाराष्ट्रात २०२० सालच्या ३ जूनपासून पाच दिवसांपुरती स्थगिती मिळाली होती; ही गोष्ट इतिहासकारांच्या नजरेतून सुटण्याचा संभव असल्यामुळे तिची नोंद येथे करून ठेवतो. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने सैल करण्याविषयी ३१ मे रोजी जो सरकारी आदेश निघाला, त्यान्वये पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळात व्यायामार्थ चालण्यास, धावण्यास व सायकल फिरवण्यास मुभा मिळाली. इतकेच नव्हे, तर सायकलीवर बसल्याने माणसामाणसांतले अंतर आपोआपच राखले जाते, सबब जनतेने हा व्यायाम अवश्य करावा, अशी आग्रहाची शिफारसही त्यात होती. खासगी कचेऱ्या उघडण्याचा मुहूर्त मात्र ८ जूनचा, आणि तोही शेकडा दहा माणसांपुरता. म्हणजे मधल्या पाच दिवसांत जो गृहस्थ सायकलीवर टांग टाकून ‘कोठेही निघालो नाही’ असे सांगेल तो आज्ञाधारक नागरिक, आणि जो ‘कचेरीत निघालो’ असे कबूल करील तो कसूरवार.

हे आदेश ज्या कायद्यांच्या आधारे निघत होते त्यांपैकी साथरोगांचा कायदा १८९७ चा. पुण्याला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही; प्लेगच्या त्या वर्षी रँडसाहेबाने आपला अंमल कसा बजावला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचे काय झाले, हे इथे पोरासोरांना पाठ आहे. प्लेगच्या साथीत लोक घराला कुलूप घालून माळावर झोपड्या बांधून राहत. घर हे तेव्हा भयस्थान होते आणि उघडा माळ हे अभयस्थान. तोच कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा हाती आला तेव्हा माळ हे भयस्थान ठरले आणि सहाशे चौरस फुटांत पाच माणसे हे अभयस्थान. पासष्टीच्या पुढील इसमांनी घराबाहेर पडू नये असा निराळा दंडक होताच. माझे वय तेव्हा बहात्तर. तस्मात पुढे जी हकिगत येईल ती बहुतेक कोथरूडातल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीतून पाहिलेली आहे, आणि साक्षीदार म्हणून माझी जी काय पत असेल ती त्या गॅलरीच्या उंचीइतकीच धरावी.

आमचा भाचा आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. तो हिंजवडीच्या एका कंपनीत काय करतो हे मला आजतागायत समजलेले नाही, पण ते मार्चपासून तो घरीच करू लागला होता. २२ मार्चला त्याने थाळी वाजवली, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवा लावला, मे महिन्यात पाव भाजण्याचा उद्योग करून तो अर्धवट सोडला, आणि जूनमध्ये व्यायामाची मुभा मिळताच बेचाळीस हजार रुपये मोजून सायकल आणली. ‘आणली’ हे क्रियापद सोपे आहे. वस्तुतः सायकलींना त्या दिवसांत असा काही उठाव आला होता की, दुकानदार नोंदणी करून घेऊन पंधरवड्यानंतर चौकशीला या म्हणत, आणि गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून परत फिरे.

“मामा, ही साधी सायकल नाही. माउंटन बाइक आहे,” तो खालून ओरडला. मी चष्मा पुसून पाहिले. तिला स्टँड नव्हता. कॅरियर नव्हते, मडगार्ड नव्हते, साखळीवर झाकण नव्हते, दिवा नव्हता, आणि घंटीही नव्हती. मी ज्या काळ्या सायकलीवरून चौतीस वर्षे कचेरी केली तिला हे सर्व असून शिवाय डायनामो होता, आणि कॅरियरवर एक गव्हाची पिशवी किंवा एक धाकटा भाऊ बसू शके. एकेक उपयुक्त अवयव काढून टाकावा तसतशी किंमत हजारांनी चढत जावी, हा अपरिग्रहाचा व्यापारी आविष्कार मला नवा होता. जे जास्तीचे होते ते असे : पुढे तीन व मागे सात दंतचक्रे, म्हणजे तीन साते एकवीस गियर, ज्यांपैकी तो दोन वापरी, पुढच्या चाकावर धक्के गिळणारे शॉकअप, आणि जाडजूड टायरांवर मगरीच्या पाठीसारखे खवले. बैठक मात्र इतकी अरुंद की, तिच्यामुळे होणाऱ्या यातनांच्या निवारणार्थ आतून गादी शिवलेली एक विजार निराळी विकत घ्यावी लागते. गादी सायकलीला न लावता स्वाराला लावावी, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो पुढे मोठ्या पदाला चढला असेल, याबद्दल मला शंका नाही.

या वाहनाची कुळकथा मी मागाहून वाचली. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासचे काही उनाड तरुण गेल्या शतकाच्या आठव्या दशकात भंगारात निघालेल्या जुन्या, जड सायकली ट्रकात घालून वर नेत आणि मातीच्या वाटेने जीव मुठीत धरून खाली येत. १९७६ साली त्यांनी या उतरणीची रीतसर शर्यत लावली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की, आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पायथ्याशी पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. मग त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम निराळी सायकल घडवली, आणि शर्यतीला बरोबर वीस वर्षे झाली तेव्हा, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा उनाडपणा पदकास पात्र ठरला. तात्पर्य, डोंगराची सायकल ही मुळात डोंगर उतरण्याची सायकल. चढण्याचे काम प्रारंभापासून मोटारीकडे होते. भाच्याने ही परंपरा अबाधित राखली. त्याने मोटारीच्या पाठीला एक लोखंडी मांडव लावून घेतला, आणि रविवारी पहाटे आमच्या आवारातून प्रथम मोटार, तिच्या पाठीवर सायकल, आणि आत गादीची विजार घातलेला भाचा, अशी मिरवणूक खडकवासल्याच्या रोखाने जाऊ लागली. सिंहगड पर्यटकांना बंद होता. टेकड्यांवरही मज्जाव असेपर्यंत डोणज्याच्या अलीकडे एका बैलगाडीच्या वाटेवर हा गिरिविहार होई. तेथे चिखलात तोल जाऊन तो पहिल्यांदा पडला, तेव्हा बांधावरच्या गुराख्याने मोठ्या आस्थेने विचारले, “काय हरवलंय का साहेब?” तो बिचारा अजून जुन्या न्यायशास्त्रात होता, माणूस एवढ्या लांब चिखलात येतो म्हणजे त्याला काही कारण असले पाहिजे, अशी त्याची समजूत.

ज्या ३ जूनला ही मुभा अमलात आली त्या दिवसाचे ग्रह मात्र काही विलक्षण होते. त्याच दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि पुण्यातही झाडे उन्मळून पडली. चक्रांना मोकळीक मिळाल्याची वार्ता समुद्रापर्यंत पोचली असावी. आणि तोच दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून जागतिक सायकल दिन म्हणून पाळायला घेतलेला. त्या दिनी उत्तर प्रदेशात साहिबाबाद येथे ॲटलस सायकलचा कारखाना, चालवायला पैसा नाही अशी फाटकावर नोटीस लावून बंद झाला आणि कामगार सकाळी आले ते तसेच माघारी गेले. खेड्यातल्या मास्तरापासून तारवाल्यापर्यंत ज्या सायकलींवर देशाने दोन-तीन पिढ्या काढल्या त्या बनवणाऱ्यांपैकी ही एक जुनी कंपनी. एकवीस गियरच्या सायकलीला गिऱ्हाइकांची रांग आणि एका गियरच्या सायकलीच्या कारखान्याला कुलूप, हे एकाच तारखेला घडले. अर्थशास्त्री याची उपपत्ती लावतीलच, मला ती लावता येत नाही.

त्याच्या थोडे आधी, मे महिन्यात, गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर, जखमी बापाला मागे बसवून, एक पंधरा वर्षांची मुलगी जुन्या सायकलीवरून गेली होती. त्या सायकलीला कॅरियर होते हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. माउंटन बाइक असती तर बाप गुरुग्रामलाच राहिला असता. तिच्या या प्रवासाची देशाने दखल घेतली ती अशी की, सायकलपटूंच्या महासंघाने तिला शर्यतीच्या चाचणीसाठी बोलावणे पाठवले. मुलगी बाराशे किलोमीटर का गेली, या प्रश्नापेक्षा ती किती वेगाने जाऊ शकेल हा प्रश्न पदकाच्या दृष्टीने अधिक फलदायी होता खरा.

आता आमच्या फाटकाकडे येतो. आमचा वॉचमन धायरीच्या पलीकडून येतो. बस सामान्य उतारूंना बंद झाल्यापासून तो कुणाकडून तरी घेतलेल्या काळ्या सायकलीवर येऊ लागला होता. एक गियर, एक ब्रेक आणि हँडलला डब्याची पिशवी. त्याची पाळी सकाळी सहाला सुरू होते आणि भाचाही सहालाच निघे, त्यामुळे दोन्ही सायकली फाटकात रोज समोरासमोर येत. भाच्याच्या मनगटावरचे यंत्र त्याचे अठरा किलोमीटर, त्यांतला चढ आणि हृदयाचे ठोके मोजून साऱ्या मित्रमंडळाला कळवी, आणि मंडळी त्याच्यावर अंगठ्यांचा वर्षाव करीत. वॉचमनचे जाऊनयेऊन वीसेक किलोमीटर भरत. ते हजेरीवहीत एका सहीत मावत. भाच्याला वाटेत कोणी अडवले तर ‘व्यायाम’ एवढा एक शब्द पुरे होई. वॉचमनच्या खिशात मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सहीशिक्क्याचे पत्र असे, कारण तो खरोखरच कोठे तरी जात होता.

सोसायटीच्या कमिटीनेही या प्रकरणी मागे राहायचे नाही असे ठरवले होते. दुधाच्या पिशव्या धुणे, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवणे, वर्तमानपत्राला दाराशी बंदी, मोलकरणींना फाटकाबाहेर थोपवणे, हे ठराव आधीच झाले होते. त्यांत ‘बाहेरून आलेल्या सायकलींच्या टायरांना संसर्ग असण्याचा संभव असल्याने त्या आवारात आणू नयेत’ या ठरावाची भर पडली. वॉचमनची सायकल तेव्हापासून फाटकाबाहेर नळाला टेकून पावसात उभी राहू लागली. डोणज्याचा चिखल घेऊन आलेली भाच्याची सायकल लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाई, कारण ती बाहेरून आलेली नसून बाहेर जाऊन आलेली होती. मराठी व्याकरणातला हा सूक्ष्म भेद आमच्या कमिटीखेरीज कोणाच्या ध्यानात आल्याचे मला ठाऊक नाही. कपाळासमोर पिस्तुलासारखे धरून ताप मोजण्याचे जे यंत्र कमिटीने घेतले होते ते वॉचमनच्या हाती होते. तो सर्वांचा ताप घेई. त्याचा ताप कोण घेतो असे मी एकदा गॅलरीतून विचारले, तेव्हा सेक्रेटरींनी तो मुद्दा पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे आश्वासन दिले.

जुलैच्या १४ तारखेपासून पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक टाळेबंदी झाली आणि व्यायामाची मुभा गेली. भाच्याने हार मानली नाही. मागचे चाक अधांतरी धरणारी एक घोडी त्याने दिवाणखान्यात मांडली, समोर पंखा लावला, पडद्यावर आल्प्सचे चित्र ठेवले, आणि डोंगराची सायकल जागच्या जागी दोन तास चालू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी छताच्या घरघरीबद्दल लेखी तक्रार केली. वॉचमन या काळातही येत होताच, आणि त्याच काळात एका सकाळी त्याचे मागचे चाक बसले. पंक्चरवाल्याची टपरी बंद. भाचा आल्प्स अर्धवट टाकून, मुखपट्टी लावून, दाबाचे आकडे दाखवणारा नवाकोरा पंप घेऊन खाली धावला. मुलगा मनाचा चांगला आहे. पण त्या पंपाचे तोंड मोटारीच्या जातीच्या व्हॉल्व्हचे, आणि काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह जुन्या वळणाचा, आत बोटभर रबरी नळी असलेला. दोघांचे जुळेना. तेव्हा मी पासष्टीच्या पुढील इसमांविषयीचा दंडक मोडून माळ्यावरचा माझा पितळी पंप काढला आणि तीन महिन्यांत प्रथमच जिना उतरलो.

ठिगळ आणि सोल्यूशन भाच्याचे, पंप माझा, आणि विद्या वॉचमनची. त्याने आमच्या स्वयंपाकघरातले दोन चमचे मागून टायर सोडवला, ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडा दाखवला, आणि भाच्याने ही क्रिया चित्रफितींत पाहिलेली असूनही ती हाताने करता येते याचा त्याला मनापासून अचंबा वाटला. हवा भरता भरता भाच्याने विचारले, “गियर किती हिला?”

“एकच की साहेब.”

“मग वारज्याच्या चढाला काय करतोस?”

“उतरतो,” वॉचमन म्हणाला.

भाच्याची सायकल आता गॅलरीत असते आणि तिच्या हँडलवर पंचे उत्तम वाळतात. बस केव्हाच सुरू झाली, तरी वॉचमन सायकलीनेच येतो. बसची वेळ आणि त्याची पाळी यांचा मेळ बसत नाही म्हणतो. टायरांविषयीचा ठराव कमिटीने अद्याप मागे घेतलेला नाही. पितळी पंप मी वॉचमनकडेच राहू दिला आहे. आसपासच्या ज्या कोणाला जुन्या व्हॉल्व्हच्या सायकलीत हवा भरून हवी असेल, त्यांनी सकाळी सहानंतर फाटकावर चौकशी करावी.