दत्तकविधान

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळा दत्तक देण्याची योजना आणली, त्याबद्दल आम्ही सरकारचे जाहीर अभिनंदन करतो. मोठ्या महापालिकेतली शाळा पाच वर्षांसाठी 2 कोटींना, दहा वर्षांसाठी 3 कोटींना. खेड्यातली पाच वर्षांना अवघ्या 50 लाखांत. लेकरू खेड्यातले असले की दरही कमी, हा व्यवहार शहाण्याला कळतो. शिवाय दात्याने सुचवलेले नाव शाळेला मुदतीपुरते लागते. म्हणजे पोरगा पहिलीत सिमेंटच्या शाळेत जाईल आणि शाळा न बदलता सहावीत लोणच्याच्या शाळेत बसेल. दाखल्यावर कोणते नाव घालायचे ते हेडमास्तर बघतील, त्यांना तसेही शिकवायला वेळ कुठे असतो!

इतकी दूरदृष्टी शाळांपाशीच का थांबावी? आमची नम्र सूचना आहे की मंत्रालयही मजल्यामजल्याने दत्तक द्यावे. बोर्ड लावायला जागा ऐसपैस आहे. योजनेतली एकच अट तेवढी आड येते: मदत वस्तू किंवा सेवेच्या रूपातच द्यायची, रोख रक्कम स्वीकारता येणार नाही. ही अट मंत्रालयात शिथिल करावी लागेल, असे जाणकारांचे मत पडले.