झोनबाहेरचे काका

निवृत्तीनंतर माणूस एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर स्वतःचा विकास करू लागतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका दुसऱ्या गटातले. सगळा जन्म पुण्यातल्या एका बँकेत गेला. बदली नको म्हणून प्रमोशनवर पाणी सोडलं, हे काकू कधीतरी बोलता बोलता सांगून जातात. तेच काका आता लिफ्टमध्ये गाठतात आणि तळमजला यायच्या आत विचारतात, "काय रे, कम्फर्ट झोनमधून शेवटचा बाहेर कधी पडलास?"

काकांच्या बोलण्याला शास्त्राधार असतो. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं. अवघड गोष्ट शिकायची तर झटका फार हलका नको आणि फार जोराचाही नको, मधला बरा, असं त्यांना दिसलं. काकांना हे एका शिबिरात कळलं. शिबिराची फी ऐकून काकूंना बसलेला झटका यांतला कोणता, ते काकांनी विचारलं नाही.

मग कळसूबाई ठरली. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. शिबिरातल्या साहेबांनी 'अनोळखी वाट धरा' असं सांगितलं होतं. काकांनी वाट अनोळखी धरली, पण सामान सगळं ओळखीचं घेतलं. दशम्या, दाण्याची चटणी, गूळपोळ्या, तळलेल्या मिरच्या, चहाचा थर्मास, हवेची उशी, गुडघ्याचं तेल आणि पंचा. सॅकचं वजन हातात घेऊन पाहिल्यावर पायथ्याच्या बारी गावातला एक पोरगा गाठला आणि ती त्याच्या पाठीवर दिली. लोखंडी शिड्यांपाशी काका थबकले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि चढले. साठीनंतर, त्या गुडघ्यांनिशी चढले, हे मी कुठेही छातीठोक सांगेन.

काकूही होत्या बरोबर. पहाटे तीनला उठून दशम्या करून आलेल्या. साडीचा पदर खोचून त्या काकांच्या आधी माथ्यावर पोचल्या आणि देवीला हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. स्टेटस मात्र काकांनी ठेवलं: 'आज स्वतःला जिंकलं.' फोटो काकूंनी काढला होता, त्यामुळे त्यात त्या नाहीत.

तेव्हापासून काका दुसऱ्यांना झोनबाहेर काढू लागले. वॉचमनला थंड पाण्याने आंघोळ करायला सांगितलं. तो बिचारा वर्षभर तशीच करतो. गणपतीत जोशीआजींच्या हातात माइक देऊन त्यांना गायला लावलं. आजी तासभर थांबेनात, तेव्हा माइक काढून घ्यायलाही काकाच पुढे झाले. स्वतःच्या मुलीला चेन्नईची नोकरी आली, तेव्हा मात्र म्हणाले, "पुण्यात काय वाईट आहे?"

घरातला त्यांचा मुलूख आखीव आहे. पंख्याखालची खुर्ची, सव्वाचारचा चहा, पडवळाला बंदी. पार्किंगवरून खालच्या मजल्याशी अबोला आहे, तो अजून चालू आहे. हे सगळं सोडायचं तर कुठलाही गड लहानच. मध्यंतरी काकू बहिणीकडे नाशिकला गेल्या. पहिल्याच सकाळी काका आमच्या दारात कप घेऊन उभे. १६४६ मीटर चढून आलेल्या माणसाला साखरेचा डबा सापडत नव्हता. डबा गॅसशेजारीच होता, पण गॅस म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्या उंबऱ्याविषयी शिबिरात कोणी काही बोललंच नव्हतं.

चेन्नईचं म्हणाल तर मुलगी गेली. तिला सोडायला स्टेशनवर काकू गेल्या होत्या. काकांचं त्या दिवशी झूमवर व्याख्यान होतं.

असे एखादे काका तुमच्याही इमारतीत असणारच. त्यांनी ट्रेकला बोलावलं तर नाही म्हणू नका. फक्त काकू येणार आहेत का, ते आधी विचारून घ्या. दशम्या फार सुरेख असतात.