शेठ थांबले!

आमच्याकडचे एक प्लॉटिंगवाले शेठ सध्या कुत्र्याला चालायला शिकवताहेत. कुत्रा लॅब्राडोर, वय सात महिने, नाव टायगर. आता कुत्र्याला चालायला काय शिकवायचं, ते चार पाय घेऊनच जन्माला येतं, असं विचाराल तर तुम्ही घाटाखालचे दिसता. नुसतं चालायचं नसतं, सभ्यपणे चालायचं असतं. गळ्यातल्या दोरीला ताण न देता, धन्याच्या डाव्या पायालगत, समोरून जाणाऱ्या मांजरीकडे वैराग्यानं पाहत.

रीत सोपी आहे. मोबाइलवरचा पोरगा ती तीन मिनिटांत सांगतो. कुत्र्यानं दोरी ताणली की आपण थांबायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. निमूट उभं राहायचं. दोरी सैल पडली की मगच पुढचं पाऊल. कारण कुत्र्याचा हिशेब सरळ असतो. ओढलं की पुढे जायला मिळतं, म्हणून ते ओढतं. ओढूनही जागेवरच राहावं लागतं हे कळलं की हळूहळू नाद सोडतं. पायाशी शहाण्यासारखं चाललं की लगेच तोंडात खाऊ. सुरुवात अंगणात करायची, लसी पूर्ण झाल्यावर बाहेर पडायचं, आणि एका वेळी पाच-दहा मिनिटांच्या वर शिकवणी नको, पिल्लू कंटाळतं. गळा आवळणारी साखळी नको. डबीतून आपोआप लांब होत जाणारा तो फॅशनचा पट्टाही नको, कारण तो कायम ताणलेलाच असतो आणि ताण म्हणजेच चालणं असा कुत्र्याचा समज होतो. इथवर सगळं शास्त्र. फक्त हे शास्त्र अशा देशात तयार झालं, जिथं माणूस रस्त्यात उभा राहिला तर त्याला कुणी काही विचारत नाही.

पहिल्या दिवशी टायगरनं दोरी ताणली ती एका पडीक वावरापाशी. बाभळीखाली काहीतरी मेलेलं असावं. शेठ शास्त्राला धरून थांबले. दूधवाल्यानं फटफटी हळू केली. ‘काहून उभे रायले शेठ?’ ‘काही नाही बा, कुत्र्याले चालणं शिकवून रायलो.’ दूधवाला हसला. सगळं समजलेला माणूस हसतो तसा. उभा जन्म जमिनीच्या व्यवहारात घालवलेला माणूस सकाळी साडेसातला, पांढराशुभ्र शर्ट घालून, पडीक वावराकडे तोंड करून पाच मिनिटं उभा राहतो आणि म्हणे कुत्र्याला शिकवतोय! दूध घरोघर पोचायच्या आत बातमी पोचली. चहाच्या टपरीवर तिला फाटे फुटले. कुणी म्हणालं बायपास, कुणी म्हणालं नवं बसस्टँड. एकानं तर खामगाव-जालना रेल्वेचं नाव काढलं. ही रेल्वे आमच्या पणजोबांच्या काळापासून यायची आहे, त्यामुळे तिचं नाव निघालं की टपरीवर दोन मिनिटं कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी शेठ निघाले तेव्हा मागे चार जण होते. टायगरनं ओढलं, शेठ थांबले, चौघं थांबले. चार माणसं थांबलेली पाहून आणखी सात थांबले. आता गंमत पाहा. गर्दी जमली की पिल्लू बावचळतं आणि जास्त ओढतं. पिल्लानं जास्त ओढलं की शेठना जास्त वेळ थांबावं लागतं. शेठ जास्त वेळ थांबले की गर्दी वाढते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. दोघंही नोकरीला असलेलं एक जोडपं खिशात इसार घेऊनच आलं होतं. ‘शेठ, कोपऱ्याचा पूर्वमुखी आमच्या नावानं ठेवजा.’ कशातला कोपरा, कशाची पूर्व, शेठना काही कळेना. त्यांचं सगळं लक्ष दोरीकडे. वावराच्या मालकाला मात्र कळून चुकलं होतं. सोयाबीन पेरावं की नाही या विचारात तो बांधावर बसून राहिला. सकाळी साडेसातशे रुपये फूट असलेला भाव दुपारी नऊशे झाला. टायगरनं जिथं जिथं तंगडी वर केली होती, तिथं तिथं संध्याकाळपर्यंत चुन्याची फक्की पडली. आणि आठवडा संपता संपता खुद्द शेठनाच शंका आली, की एवढे लोक म्हणताहेत तर काहीतरी असेलच. त्यांनी गुपचूप त्या वावराचा सातबारा काढायला माणूस पाठवला.

टायगरचं म्हणाल तर त्याची प्रगती उत्तम आहे. तो दुकानातल्या पोराबरोबर अगदी सभ्य चालतो. दुपारी पोरगं त्याला फिरवून आणतं, तेव्हा दोरी अशी लोंबत असते की मोबाइलवरच्या पोरानं येऊन फोटो काढावा. कारण हे पोरगं थांबायचं तिथं थांबतं. त्याला कुठं पोचायची घाई नाही, कुणी पाहतंय याची लाज नाही, आणि त्याच्या खिशात भाकरीचा कोरका असतो. शेठच्या खिशात शेगावची कचोरी असते. तिखट आणि तेलकट. ती खाऊन कुत्रं चालायला शिकत नाही, पाण्याकडे पळायला शिकतं. एवढंच, की दुपारी दोनला त्या पोराला आणि त्या कुत्र्याला बाहेर काढू नका हो. घाटावर वारं असतं म्हणून आपण फुशारकी मारतो, पण मे महिन्यातलं डांबर घाटावरही तळव्याला चटका देतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. पोराला निदान चप्पल आहे. खामगाव-मलकापुरात तर काही हौशी मंडळींनी हस्की पाळलेत. बर्फातला कुत्रा, दिवसभर एसीत. त्याच्याविषयी मी काही लिहीत नाही. विजेचं बिल त्यांचं ते भरताहेत.

पण मला राहून राहून एक प्रश्न पडला. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या नावानं चार लेआऊट पाडलेला. तो कुत्र्याला शिकवायला भररस्त्यात का येतो? स्वतःच्या लेआऊटमध्ये का शिकवत नाही?

उत्तर नकाशात आहे. नकाशात नऊ मीटर रुंदीचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, आणि मधोमध हिरव्या रंगाचा एक मोठा चौकोन आहे. ‘ओपन स्पेस’. कायद्यानं दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणून तो चौकोन. छापील पत्रकात त्या चौकोनात घसरगुंडी असते, बाकावर बसलेले आजी-आजोबा असतात, आणि हो, दोरी धरून कुत्रा फिरवणारी एक गोरी बाईसुद्धा असते. मी अशाच एका लेआऊटमध्ये राहतो. पत्रक अजून जपून ठेवलंय. आमच्या हिरव्या चौकोनात आधी बांधकामाची गिट्टी आली, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर आला, मग ट्रॅक्टरवर पत्र्याचं शेड आलं, मग शेडला वीज आली. आता तिथं घसरगुंडी मागायला गेलं तर शेडवाला विचारतो, तुम्ही कोण? रस्ता म्हणावा तर मुरूम टाकून ठेवलाय, तो पहिल्या पावसात नालीत जातो आणि नाली दुसऱ्या पावसात रस्त्यावर येते. फुटपाथ हा शब्द आमच्याकडे फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सापडतो. साठी ओलांडलेली माणसं डॉक्टरनं सांगितलं म्हणून पहाटे हातात बॅटरी घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेनं चालतात, आणि मागून हॉर्न वाजला की काटेरी झुडपात उडी मारतात. ज्यांची गुडघ्याची वाटी बदलली आहे त्यांनी उडी कशी मारायची, हे कुणी सांगत नाही. शाळेतल्या पोरी एकामागे एक, एका रांगेत, पांढऱ्या पट्ट्यावरून चालतात. त्यांना कुणी दोरी बांधलेली नाही, तरी त्या त्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, कारण बाहेर टाकलं तर ट्रक आहे. हे सभ्यपणे चालणं आम्ही त्यांना शिकवलं! आणि ज्यानं त्यांच्या पायाखालची जमीन फुटाच्या भावानं विकली, तो गृहस्थ आता हातात दोरी घेऊन त्याच रस्त्यावर उभा आहे आणि म्हणतोय, टायगर, नो पुलिंग. मी म्हणतो, ओढ बाबा टायगर. चांगला ओढ. त्या हिरव्या चौकोनापर्यंत ओढत ने त्यांना.

असो. रक्तदाब वाढतो.

आमच्याकडे पूर्वी कुत्र्याला चालायला कुणी शिकवत नसे. बाजाराच्या दिवशी बैलगाडी निघाली की घरचं कुत्रं गाडीखाली शिरायचं आणि दोन चाकांच्या मधोमध, सावलीत, बैलांच्या चालीनं बाजारापर्यंत जायचं आणि यायचं. दोरी नाही, खाऊ नाही, क्लिकर नाही. गाडी थांबली की ते थांबे. ऊन लागत नसे, पायाखाली पांदणीची फुफाट्याची माती असे, आणि गाडी जीव तोडून पळत नसल्यामुळे त्यालाही ओढण्याचं कारण नसे. ती पांदण आता नांगरून दोन्हीकडच्या वावरांत गेली. बैलगाडी गेली. कुत्रं उरलं. आणि गाडी आपल्याच जोरावर चालली आहे असं त्या गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं म्हणतात, तो गुण तेवढा शेठमध्ये उतरला.

सभ्यपणे चालणं म्हणजे काय हे खरं तर आमच्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे, आणि तेही गळ्यात पट्टा असलेल्या जनावराचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बांधला होता. जूनमध्ये तो जागेच्या शोधात घराबाहेर पडला. विदर्भ, मराठवाडा, शेजारचं तेलंगण असं करत, डिसेंबरात तो आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तीनेक हजार किलोमीटर झाले, असं त्या पट्ट्यानंच नंतर सांगितलं. पट्टा दर तासाला त्याचं ठिकाण कळवत होता. दुसऱ्या टोकाला दोरी नव्हती, शेठ नव्हते. रात्री चालायचा, दिवसा नाल्यात, झुडपात पडून राहायचा. शेतं ओलांडली, महामार्ग ओलांडले, वाड्या-वस्त्यांच्या कडेनं गेला. पोटासाठी रानडुकरं मारली, काही गुरंही मारली. एकदा तो विसावला होता त्याच झाडीत माणसं शिरली, तेव्हा एकाला लागलंही, पण थोडक्यात निभावलं. बाकी एवढ्या वाटेत तो कुणाच्या वाटेला गेला नाही. त्याचं नाव वॉकर ठेवलं गेलं. म्हणजे आमच्याकडे वाघाचं नाव वॉकर आणि कुत्र्याचं नाव टायगर. एप्रिल २०२० मध्ये त्याचा पट्टाही काढला.

एवढं चालायची त्याला हौस नव्हती. टिपेश्वरात जागा नव्हती, जोडीदारीण मिळत नव्हती, म्हणून तो चालला. आणि थांबला तो २०५ चौरस किलोमीटरच्या जंगलात. तो थांबला तेव्हा मात्र कुणी खुर्ची आणली नाही आणि भाव वाढला नाही. आता वाढेल, अशी चिन्हं आहेत. घाटात ‘जंगल व्ह्यू’ नावाची एक पाटी लागलेली मी परवाच पाहिली.

मुख्य बातमी राहिलीच. त्या पडीक वावराचा व्यवहार झाला. टायगर जिथं पहिल्यांदा थांबला त्या जागेवर आता कमान उभी राहते आहे. नव्या लेआऊटचं पत्रक आलंय, गुळगुळीत कागदावर, रंगीत. नऊ मीटर रस्ता, दहा टक्के ओपन स्पेस, आणि त्या हिरव्या चौकोनाच्या कडेनं तुटक रेषेनं काढलेली एक नवी वाट. खाली लिहिलंय, ‘डॉग वॉकिंग ट्रॅक, जिल्ह्यात प्रथमच’. बुकिंग दसऱ्यापासून. इसार दिलेलं ते नोकरीवालं जोडपं जागा पाहायला गेलं. जागेवर बाभूळ आणि बाभळीखाली एक पत्र्याचं शेड. ट्रॅक्टर आधीच आलेला. त्यांनी भीत भीत विचारलं, ‘शेठ, तो ट्रॅक कुठी हाय?’

शेठ थांबले. एक पाऊल पुढं टाकलं नाही. दोरी अगदी सैल होती.

‘कागदावर हाय ना,’ ते म्हणाले. ‘त्याचे वेगळे लागतीन. फुटामागं चाळीस.’