बोरगाव मेघे येथील इंग्रजी : एक उच्चारमीमांसा

वर्धा हे नाव इंग्रजीत डब्ल्यूने आणि विदर्भ हे नाव व्हीने लिहिले जाते, परंतु या दोन आद्याक्षरांत ओठांनी नेमका कोणता भेद पाळावा हे वर्ध्यापासून नागपूरपर्यंत सहसा कोणाला सांगता येत नाही, आणि ते सांगता न आल्यामुळे आजवर कोणाची बस चुकल्याचे ऐकिवात नाही. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा तो व्ही आणि ओठांचा चंबू करून काढायचा तो डब्ल्यू, असा शास्त्रार्थ आहे. मराठीचा 'व' या दोहोंच्या मधोमध बसलेला असल्याने त्याला उठून कोणाकडेही जावेसे वाटत नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे या गावात (बोरगावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, सावंगी आणि सिंदी या शेजारगावांप्रमाणे यालाही 'मेघे' हे उपपद लागते) विनोबांचा व्ही आणि दवाखान्यातल्या वॉर्डाचा डब्ल्यू यांना एकच वागणूक मिळते, हा समतेचा नमुना भाषाशास्त्राच्या ग्रंथांत अद्याप दुर्लक्षित राहिला आहे.

इंग्रजी शब्द गावात शाळेच्या दारातून येतो अशी समजूत असली, तरी बोरगावापुरते बोलायचे तर तो दवाखान्याच्या दारातून अधिक आला आहे, कारण शेजारी सावंगीला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे, आणि पलीकडे सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेली, ग्रामीण भागातील देशातील पहिली म्हणून ओळखली जाणारी वैद्यकीय संस्था आहे. शब्दाचा अर्थ आकसला तर त्यास अर्थसंकोच म्हणतात, फैलावला तर अर्थविस्तार आणि त्याची पत घसरली तर अर्थापकर्ष. हे तिन्ही प्रकार येथे एकाच केसपेपरवर आढळतात. चहात पडते ती साखर आणि रक्तात निघते ती शुगर, असा काटेकोर भेद येथील बोलणारा पाळतो, त्यामुळे 'शुगर निघाली म्हणून साखर सोडली' या वाक्यात पुनरुक्तीचा दोष काढता येत नाही. 'मामाजीला बीपी आहे' या विधानावर तर्कशास्त्री आक्षेप घेईल, कारण रक्तदाब मुळीच नसलेले मामाजी हयात असणे शक्य नाही. पण असा आक्षेप घेणाऱ्या तर्कशास्त्र्याचाच बीपी वाढण्याचा संभव अधिक. रोमच्या ज्या सीझरचे नाव परंपरेने प्रसूतीच्या शस्त्रक्रियेशी जोडले जाते, त्याचे 'सिझर' होऊन ते सुनेचे होते. 'सिरीयस' या विशेषणाची स्थिती तर विशेष अभ्यासण्याजोगी आहे, कारण एकाच घरात नातू सिरीयस नाही म्हणून आणि आजोबा सिरीयस आहेत म्हणून एकाच दिवशी काळजी केली जाते, आणि कोणाविषयी काय म्हटले याचा घोटाळा कधीही होत नाही.

'एक्स्पायर' या शब्दाचे उदाहरण शुद्धतावाद्यांना फार प्रिय आहे. गोळ्यांचे पाकीट आणि काका या दोहोंना हेच क्रियापद लावलेले ऐकून ते हसतात. मात्र लॅटिन मुळाकडे पाहता या शब्दाचा अर्थ श्वास बाहेर टाकणे असा होतो, आणि गोळ्यांनी श्वास घेतल्याचा पुरावा नसल्याने व्युत्पत्तीच्या न्यायालयात काकांचाच दावा मान्य करावा लागेल.

उलट दिशेचा प्रवासही नोंदवला पाहिजे. परप्रांतांतून किंवा पुण्यामुंबईकडून शिकायला आलेला नवा डॉक्टर पाठ्यपुस्तकातील लक्षणे इंग्रजीत मुखोद्गत करून येतो, आणि पहिल्याच दिवशी समोरची आजी 'पोटात जयजय होऊन राहिली' असे सांगते, तेव्हा हा जयजयकार कोणत्या देवतेचा, असा प्रश्न त्याला पडू शकतो. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींत 'ळ'चा 'य' होतो, म्हणजे डोळ्याचा डोया, काळ्याचा काया आणि जळजळीची जयजय होते, एवढे एक सूत्र कळले की निम्मे रोगनिदान झाले. उरलेल्या निम्म्यासाठी 'आतून कसंतरीच होऊन राहिलं' या वाक्याचा अर्थ लावावा लागतो, आणि तो लावण्याची सोय वैद्यकशास्त्रात अद्याप झालेली नाही.

शाळेकडे वळल्यास 'कॉन्व्हेंट' हा शब्द प्रथम भेटतो. मूळ अर्थाने तो ख्रिस्ती भगिनींचा मठ होय. विदर्भात मात्र जेथे लहान मुले इंग्रजी माध्यमातून शिकतात ती कोणतीही शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, मग तेथे भगिनी नसल्या तरी चालते, टाय असला पाहिजे. ही व्याख्या ज्या जिल्ह्यात रुजली तो जिल्हा वर्धा असावा यात नियतीने विनोदबुद्धी दाखवली आहे, कारण ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, असा ठराव केला, आणि झाकीर हुसेन समितीने आखलेली ती योजना 'वर्धा योजना' या नावानेच देशभर ओळखली गेली. ती आजही शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत विचारली जाते आणि अनेक ठिकाणी तिचे उत्तर इंग्रजीतून लिहिले जाते. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा वर्धा जिल्ह्याला त्यातून सूट मिळाली नाही.

स्वतः गांधीजींचा या प्रकरणातील अनुभव बोलका आहे. १८८८ मध्ये विलायतेला गेल्यावर सभ्य गृहस्थ होण्याच्या खटपटीत त्यांनी नृत्य आणि व्हायोलिन यांच्या जोडीला इंग्रजी वक्तृत्वाची शिकवणी लावली आणि त्यासाठी बेल नावाच्या लेखकाचे पुस्तकही विकत घेतले. पण या बेलनेच आपल्या कानात धोक्याची घंटा वाजवली, अशा आशयाची कोटी आत्मकथेत करून त्यांनी तो नाद सोडल्याचे सांगितले आहे. उच्चारांचा नाद सुटला तरी स्पेलिंगने त्यांचा पिच्छा वर्ध्यापर्यंत पुरवला. १९३६ मध्ये ते ज्या शेगाव अथवा सेगाव नामक खेड्यात राहायला गेले, त्याचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन भरकटू लागले, आणि अखेर १९४० मध्ये गावाचेच नाव सेवाग्राम करण्यात आले. एवढ्या एका एचने गावाचे बारसे नव्याने करायला लावल्याची उदाहरणे जगात थोडीच असतील.

आता उच्चारांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न. इंग्लंडच्या दक्षिणेकडील सुशिक्षितांचा जो उच्चार 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन' म्हणजे मान्यताप्राप्त उच्चार म्हणून डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने आपल्या कोशात नोंदवला, त्यात शब्दान्तीचा 'र' गिळला जातो. 'वॉटर'चा 'वॉटऽ' होतो आणि तो कुलीनतेचे लक्षण ठरतो. बोरगावचा माणूस 'ळ' गिळतो आणि त्याच्या जागी 'य' ठेवण्याची सभ्यताही दाखवतो, तरी तो गावंढळ. शिवाय ऑक्सफर्डच्या पंडितालाही 'ळ' म्हणता येत नाही, तो लोणावळ्याचा लोनावला करतो, परंतु त्यास कोणी हसत नाही, उलट रेल्वे त्याच्या उच्चाराची पाटी फलाटावर लावते. यावरून असे अनुमान निघते की उच्चाराची चूक जिभेवर होत नसून बोलणाऱ्याच्या पत्त्यावर होते. १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला त्याच्या गावाकडच्या उच्चारात बातम्या वाचायला बसवले, तेव्हा अशा आवाजातल्या बातम्यांवर विश्वास कसा ठेवावा, अशी तक्रार काही श्रोत्यांनी केली. बॉम्ब तेच होते, पण ते यॉर्कशायरी उच्चारात पडणे त्यांना मानवले नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केली, तेव्हा लंडनच्या फुलवालीचा उच्चार आणि प्राध्यापकाचे त्यावर नाक मुरडणे या दोन्ही गोष्टी मराठीत आयत्याच तयार होत्या, काहीही उसने आणावे लागले नाही. ज्या प्रमाणभाषेच्या नावाने ही नाके मुरडली जातात, त्या मराठीतील आद्य गद्य मानला जाणारा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला सिद्ध झाला, ही गोष्ट पुण्यात फारशी चर्चिली जात नाही. तेथे त्या काळी चर्चा करण्यास कितीजण होते, हाही प्रश्नच आहे.

व्याकरणाच्या बाबतीत बोरगावचा गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' अशी वाक्ये ऐकून शिक्षक कपाळाला हात लावतात, कारण जाणणे, समजणे, आवडणे ही स्थितिवाचक क्रियापदे, म्हणजे घडण्याऐवजी नुसती असणारी क्रियापदे, अपूर्ण काळात चालत नाहीत, असा इंग्रजीचा नियम आहे. पण ज्याच्या मातृबोलीत 'मी जाऊन राहिलो' बरोबर 'मले समजून राहिलं' आणि 'बरं वाटून राहिलं' हेही रात्रंदिवस चालू राहिलेले असते, त्याच्या दृष्टीने समजणे ही काही एका क्षणात उरकण्याची बाब नाही, आणि अनुभव त्याच्या बाजूने आहे. पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकूनही ही खोड गेली नाही. पुढे २००३ पासून मॅकडोनल्ड्सने 'आय ॲम लव्हिंग इट' ही घोषणा साऱ्या जगात फडकवली, तेव्हा व्याकरण तेच मोडले गेले. पण बर्गरवाल्याचे गुण कापण्याची सोय कोणत्याही परीक्षा मंडळाकडे नव्हती.

इंग्रजांनी आपल्या शब्दांचे काय केले, हे पाहिल्यावर तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हेच कळेनासे होते. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगनघाट' म्हणून नाना स्पेलिंगांनी गाजला, तर अमरावतीचा कापूस 'ऊमरावती' आणि पुढे लाडाने नुसता 'ऊमरा' झाला. ही नावे कोणीही लाल शाईने दुरुस्त केली नाहीत, त्यांवर भाव लागले. आपले मुंगूस इंग्रजीत गेले तेव्हा शब्दाच्या शेवटी 'गूस' असे काही ऐकू आल्याने त्यांनी त्याला थेट हंसाच्या जातीच्या पक्ष्याचे स्पेलिंग चिकटवले, आणि चार पायांचा, सापाशी झुंजणारा प्राणी कोशात पंख लावून बसला. तरीही 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते हा नुकताच शिकलेला नियम प्रामाणिकपणे लावून बोरगावच्या एखाद्या पोराने 'मंगीस' असे लिहिलेच, तर त्याचा अर्धा गुण जातो, आणि तो कापताना इंग्रजीच्या बाई विचारतात, ''कितीदा सांगितलं बापू, समजून नाही राहिलं का तुले?''