गूळ बेताने

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर शेगडी, कढई, झारा, खसखशीची वाटी आणि फडक्याने झाकलेलं काहीतरी. शेजारी जुनी, तेलकट डायरी. मागे दोरीवर एक पंचा. साठी ओलांडलेला एक गृहस्थ एप्रनची गाठ मारत येतो. गाठ बसत नाही. सोडून देतो.)

हसा, हसा. तुम्ही हसलात तर चालेल. मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या घरात सध्या 'हसला' या शब्दाला बंदी आहे. मी कढईपाशी उभा. बाहेरून बायको विचारते, "काय झालं हो?" मी म्हणतो, "हसला." की बाहेर एक भांडं आपटतं. मी शांतपणे दुसरा सोडतो. "आता?" "हा पण." दुसरं भांडं.

ज्यांच्याकडे अनारसे विकत येतात त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने. चांगल्या वळणाचा अनारसा तुपात पडला की तळाशी जाऊन जरा विचार करतो, मग वर येतो आणि अंगभर जाळी पाडतो. वाईट वळणाचा हसतो. म्हणजे आधी कडेकडेने बारीक दात दिसतात. मग तोंड उघडतं. मग जबडा. मग अनारसा असा राहतच नाही, कढईभर तपकिरी फेस, आणि तळाशी गुळाची वाळू. अर्धा किलो साजूक तूप डोळ्यांदेखत गढूळ होतं. तुम्ही हसलात की मला पाकीट मिळतं. अनारसा हसला की पाकीट जातं.

(चष्मा लावतो.)

तर हे झालं 2023 साली. 18 जुलैला अधिक श्रावण लागायचा होता. मुलीचं लग्न आदल्या वर्षीचं. म्हणजे पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला वाण. दिवा, ताम्हन आणि 33 अनारसे.

33 का? मी पंचांग बघितलं. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365. दर वर्षी चंद्र 11 दिवस मागे पडतो. आता तीन वर्षांत 33 दिवस होतात, पण पंचांगवाले तेवढी वाट बघत नाहीत. साडेबत्तीस महिने होत आले की एक अख्खा महिना मध्ये टाकतात आणि खातं मिटवतात. म्हणजे बघा, उधारी चंद्राची, वसुली सूर्याची आणि व्याज आमच्या जावयाला!

मी बायकोला म्हटलं, "विकत आणू या." ती म्हणाली, "आणा की. तुमच्या आईंचा फोटो हॉलमध्येच आहे. त्यांच्यासमोरून पिशवी घेऊन या."

(वर, फोटोच्या दिशेने बघतो. नजर चुकवतो.)

आईचे अनारसे म्हणजे... मी वर्णन करणार नाही. प्रत्येकाची आई असते आणि प्रत्येकाला वाटतं तसंच मला वाटतं. मी फक्त म्हटलं, "अगं, मग तू कर. 29 वर्षं तिच्या हाताखाली होतीस." तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या घरात 29 वर्षं काय चाललं होतं.

(बायकोच्या आवाजात.) "तांदूळ मी धुतले. तीन दिवस पाणी मी बदललं. उपसले मी, कुटले मी, चाळले मी. आणि पीठ परातीत पडलं, गुळाची ढेप पुढ्यात आली, की तुमच्या आई म्हणायच्या, 'सूनबाई, दार वाजलं वाटतं. बघ बरं.' मी दारात. दारात कुणी नाही. परत येते तर गूळ मळून तयार! 29 वर्षं हो! 29 वर्षं मी त्या दारात उभी आहे!"

म्हणजे आमच्या घरचा अनारसा तिला सगळा येतो. गूळ सोडून.

तरी मी निर्धास्त होतो. कारण आईची वही होती. (डायरी उचलतो.) ही. 1979 सालची, बँकेतून फुकट मिळालेली. आमच्याकडे 'रुचिरा'सुद्धा आहे हं. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी गेलं. आईने त्याला खाकी कव्हर घातलं आणि आत रेशनकार्ड ठेवलं. सुरक्षित राहतं म्हणून. वाटी-चमचा हे तिला माप वाटायचं नाही, ती भांडी वाटायची. तिचं माप शेराचं. चार शेरांची पायली, शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं. सरकारने 1956 साली कायदा करून किलो आणला. आईने तो वाचला नव्हता.

तर वही. पान उघडलं. वाचतो. (भक्तिभावाने.)

"अनारसे. तांदूळ जुना. तीन दिवस. पाणी रोज. गूळ बेताने. तूप साजूक, डालडा नको, वन्संना कळते."

(पान उलटतो. उलटं धरून बघतो. झटकतो.)

संपलं! कृती संपली. बेताने! अहो, बेत कुणाचा? बरं, याच्याखाली अख्खं पान भरलेलं आहे. मला वाटलं, इथे असेल प्रमाण. ऐका.

"अधिक श्रावण, 1985. एकूण 74 झाले. 33 वन्संच्या घरी वाणाचे पाठवले. पितळी डबा, कडीचा, नवी कल्हई. डबा परत नाही."

पुढे. "अधिक ज्येष्ठ, 1988. 61 झाले. डबा परत नाही."

"1991. अधिक वैशाख. डबा नाही."

"1993. डबा."

"1996. ड."

(थांबतो.) नुसता 'ड'. रफार नाही, काना नाही, काही नाही. एवढा राग एका अक्षरात मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. आणि मग 2004. "पुन्हा अधिक श्रावण." हे बरोबर आहे, 19 वर्षांनी तोच महिना फिरून अधिक येतो. 1985, 2004, 2023. तिने ध्यानात ठेवलं होतं. "वन्संना आठवण केली. 'कुठला डबा?' म्हणाल्या."

कृती चार ओळी, डबा दोन पानं!

(एप्रन ठीक करतो.) म्हटलं, हरकत नाही. मी 34 वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत. आपण करू. तांदूळ भिजवले. पहिल्या दिवशी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "बी विंगमध्ये उंदीर मेला आहे काय? कृपया संबंधितांनी बघावे." मी खाली अंगठा... म्हणजे वर केलेला अंगठा टाकला. संबंधित मीच.

उपसले. आता ते सावलीत पंच्यावर पसरायचे. सावलीची काही कमी नव्हती, पुण्यातला जुलै, ऊन बघून आठवडा झालेला. अनारशाचा तांदूळ कसा हवा? कोरडा नको, ओलाही नको, दमट हवा. हाताला गार लागला पाहिजे, पण चिकटता कामा नये. मी पंखा पाचवर ठेवला. तासाभराने तांदूळ सोफ्यावर होता, टीव्हीमागे होता, आईच्या फोटोच्या चौकटीवर तीन दाणे होते. ते मी काढले नाहीत. म्हटलं, बघू दे तिलाही.

तेवढ्यात दुबईहून मुलीचा फोन. "बाबा, आम्ही येतोय, पण परत येताना अनारसे आणता यायचे नाहीत. इथे खसखशीला बंदी आहे."

"खसखशीला? अगं, खसखस आहे ती!"

"बाबा, अफूच्या बोंडातलं बी असतं ते. एअरपोर्टवर पकडतात."

हे खरं आहे हो. आपल्याकडे मंदसौर-नीमचच्या बाजूला सरकारी परवान्याने अफू पिकते, तिचंच बी म्हणजे ही खसखस. (वाटी उचलून प्रेक्षकांना दाखवतो.) आपण बाळंतिणीला खीर करून देतो. तिकडे तुरुंग. म्हणजे विचार करा, मी हा प्रयोग दुबईत लावला आणि तुमच्यात अशी खसखस पिकली... (दोन्ही हात बेड्या घातल्यासारखे पुढे करतो.)

तर पीठ कुटलं, चाळलं. आता गूळ. बायको म्हणाली, "दारातून एवढं ऐकू यायचं, त्या पुटपुटायच्या, 'बरोबरीने, बरोबरीने.'" झालं! प्रमाण मिळालं. बरोबरीने. मी वाटी घेतली. चार वाट्या पीठ, चार वाट्या किसलेला गूळ, दाबून भरलेला. वर चमचाभर तूप. मळलं, गोळे केले, डब्यात दाबून पाच दिवस ठेवलं. आणि सहाव्या दिवशी...

(शेगडीपाशी उभा राहतो. काल्पनिक अनारसा तुपात सोडतो. कढईत वाकून बघतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलतो: आशा, शंका, कडेकडेने उमटलेले दात, उघडलेलं तोंड. बराच वेळ तसाच. मग झारा खाली ठेवतो.)

आता एकच माणूस उरलं होतं. वन्सं. म्हणजे माझी आत्या. सातारा. वय 86. फोन केला.

(आत्याच्या आवाजात, मोठ्याने.) "तूच ये बाळू. नाहीतर मी आले असते रे, मला एसटी फुकट आहे! पंच्याहत्तरीपुढे काढलंय सरकारने. पण गुडघ्यांना नाही ना सवलत!"

स्वारगेटवरून निघालो. खंबाटकीच्या घाटात मांडीवर माझ्या पिठाचा डबा, प्लॅस्टिकचा, आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघतोय. आत्याने झाकण उघडलं. बोट घातलं. चाटलं.

"वाटीने मोजलास?"

"हो. बरोबरीने."

"मेल्या, बरोबरीने म्हणजे वजनाने! चाळलेलं पीठ कापसासारखं हलकं, आणि गूळ दाबून भरलास की वाटी धोंड्यासारखी जड. वाटीला वाटी घेतलीस तर गूळ दीडपट नाही का होणार? हसेल नाही तर काय रडेल?"

(प्रेक्षकांना.) 34 वर्षं अकाउंट्समध्ये!

"मग आता, आत्या?"

"आता तुझं पीठ गाईला. माझं आहे केलेलं, ते ने. आणि बघून ठेव."

आणि तिने करून दाखवलं. लिंबाएवढी गोळी. खूप घट्ट वाटली तर पिकल्या केळ्याचा एवढासा तुकडा, नखाएवढा. हाताखाली खसखस पसरायची, तिच्यावर गोळी. आणि थापायची बोटांच्या टोकांनी, मधून कडेकडे, अशी... (टेबलावर करून दाखवतो, हळू, सावकाश.) अंगठा नाही लावायचा. आईही लावायची नाही. मला तोपर्यंत वाटायचं, तिचा अंगठा दुखतो. मग खसखशीची बाजू वर, तशीच तुपात. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, थोडं थोडं. आच मंद. तिच्या हातांवर शिरा इतक्या वर आलेल्या, आणि बोटं अजिबात थरथरत नव्हती. कपात चहा ओतताना थरथरली होती.

अनारसा वर आला. जाळी पडली. नाही हसला. मीच जरा...

(नाक पुसतो. भानावर येतो.)

मी विचारलं, "आत्या, तुला हे शिकवलं कुणी?"

"तुझ्या आईने. 1985 ला माझे सगळे हसले, तेव्हा वहिनी आली होती इथे, दोन दिवस राहिली."

"आणि गूळ घालताना तिने तुला दार बघायला नाही पाठवलं?"

"पाठवलं की! मी गेलेच नाही. म्हटलं, वहिनी, माझ्या घरी बेल आहे. वाजली की कळतं."

मग तिने फडताळातून पिठाचा डबा काढला, जुनं फडकं गुंडाळलं आणि माझ्या हातात दिला. वर म्हणाली, "बाळू, पीठ नेतोयस ते ने. पण डबा आठवणीने परत आण हो. तुमच्या घरची सवय मला माहीत आहे."

(टेबलावरचं फडकं काढतो. खाली पितळी कडीचा डबा. प्रेक्षकांकडे बघतो. हळूच उचलतो, तिरका करतो, बुडाकडे बघतो. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून वाचतो.)

"चि. सौ. कां. सुमन हिस, मामाकडून. 1959."

आईचं नाव. ठोक्याठोक्याने घातलेलं. 38 वर्षं तिथे होता. आत्याने तो कधी रिकामाच होऊ दिला नाही, बूड बघणार कोण?

(खुर्चीवर बसतो. डायरी उघडतो, पेन काढतो. 2004 च्या नोंदीखाली लिहू लागतो.)

"अधिक श्रावण, 2023. एकूण 58 झाले. 33 जावयांना, खसखस लावून, इथेच बसवून खायला घातले. डबा..."

(पेन थांबतं. डब्याकडे बघतो. फोटोकडे बघतो. 'आला' लिहायला जातो, थांबतो.)

आता काय लिहू? आला म्हणू, की आणला आहे, परत द्यायचा आहे म्हणू?

(मोबाईल वाजतो. नाव बघतो. उठून उभा राहतो.)

हां, बोल आत्या! हो, पोहोचलो, कधीच. हो, जमले. नाही, एकही नाही हसला. काय? ऐकू येत नाहीये, मोठ्याने बोल.

(डबा हळूच उचलून एप्रनखाली घेतो.)

कुठला डबा?

(अंधार.)