गेली राजधानी, मिळालं कोर्ट

अपेक्षाभंगाच्या गोष्टी जबलपूरच्या माणसाला कुणी सांगू नयेत. आमच्या अख्ख्या गावाचा तो झालेला आहे, आणि तोही रीतसर, सरकारदरबारी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी जबलपूरच होणार, हे इथल्या पानटपऱ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. ती गेली भोपाळला. आम्हाला मिळालं हायकोर्ट. म्हणजे अन्याय झाला तो झालाच, वर दाद मागायची जागा घरपोच.

त्या कोर्टाच्या मागोमाग आमचं घराणं इथे आलं. नागपूरचं हायकोर्ट मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्लांसकट जबलपूरला हललं, तेव्हा टेबलं, फायली आणि शिपायांच्या लोंढ्यात आमचे आजोबाही होते, कारकून म्हणून. सिव्हिल लाइन्समध्ये पुढे साहेबांचे बंगले आणि मागे आमच्यासारख्यांच्या खोल्या. पत्ता मात्र दोघांचाही सिव्हिल लाइन्स. लग्नाच्या बाजारात हा पत्ता फार चालायचा. माझ्याही वेळी चालला. मुलीकडच्यांनी पत्ता वाचून होकार दिला. घर पाहिलं ते नंतर.

मी पन्नाशी गाठली आणि बायको इंदूरला माहेरी गेली, ती कायमची. मारझोड नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. यामुळे शेजाऱ्यांची भारी गैरसोय झाली. “मग झालं तरी काय?” असं विचारणाऱ्याला मी काय सांगणार? दोघंही एकमेकांना कंटाळलो होतो, फक्त तिच्या ते आधी लक्षात आलं. सामानाची वाटणी समंजसपणे झाली. कपाट मला, शिलाई मशीन तिला, कुकर तिला. ती गेल्यावर ओट्याखालच्या खणात कुकरची शिट्टी सापडली. न्यायालयाच्या सावलीत तीन पिढ्या काढलेल्या घरात वाटणीची यादी इतकी कच्ची निघावी, याचं मला घटस्फोटापेक्षा जास्त वाईट वाटलं.

गावाने मात्र सांभाळून घेतलं. कोपऱ्यावरचा पानवाला चुना लावता लावता म्हणाला, “का बड्डे, सुना है आजाद हो गए?” एवढं बोलून पान हातात दिलं आणि पैसे पूर्ण घेतले. सांत्वन असावं तर असं. मराठी मंडळी याच्या उलट. डबे यायला लागले. ज्या काकूंनी आयुष्यात कधी चहा विचारला नव्हता, त्या भरली वांगी घेऊन दारात उभ्या. सोसायटीच्या सभेत माझ्यासाठी खुर्ची रिकामी होऊ लागली. तेव्हा शेजारच्या नेपियर टाउनात राहून गेलेले हरिशंकर परसाई आठवायचे. त्यांचा पाय मोडला आणि लोकांची श्रद्धा एकाएकी वाढली. या माणसाने त्यावरही लिहून टाकलं. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ला 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझे दोन्ही पाय शाबूत होते, त्यामुळे मला वांग्यांवर समाधान मानावं लागलं.

डोंगरात निघून जावं, असंही एकदा मनात आलं. तशी गावात परंपरा आहे. नट प्रेमनाथ इथलेच, एम्पायर टॉकीज त्यांच्या मालकीची होती. पडद्यावरचं बस्तान बिघडलं तेव्हा ते हिमालयात साधूंच्या संगतीत जाऊन राहिले. तिथून माणूस संत होऊन येतो अशी आपली समजूत. हे परतले ते 1970 च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये खलनायक होऊन, आणि तेच लोकांना जास्त आवडले. पण मला बीपीच्या गोळ्या, वाचायचा चष्मा आणि घरात आई. हिमालय बारगळला.

मग आईच गेली. झोपेत, कुणालाही त्रास न देता. जिवंतपणी तिने हे धोरण कधीच पाळलं नव्हतं. दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले तीन-चार बसलेले, पण एकही खाली उतरेना. मामा हात जोडून म्हणाला, “अक्का, तुझ्या पोराला मी बघेन.” कावळे ढिम्म. आत्या म्हणाली, “वहिनी, पाटल्यांचं मनात ठेवू नका, त्या मी परत करते.” पाटल्यांचा विषय तिथे पहिल्यांदाच निघाला, त्यामुळे कावळे राहिले बाजूला आणि माणसांतच कावकाव सुरू झाली. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना अजून एक दहावा होता. काठावरचा नाववाला हे सगळं बघत होता. शेवटी न राहवून मला म्हणाला, “भैया, माताजी किससे नाराज हैं?”

किससे म्हणजे काय! बायको इंदूरला गेल्यापासून आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची आणि दर रविवारी सुनेशी फोनवर तासभर. मी पुढे झालो, घसा खाकरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, “आई, तिची कुकरची शिट्टी माझ्याकडे आहे. परत करतो.”

कावळा उतरला. शपथेवर सांगतो, भात असा खाल्ला जसा चार दिवसांचा उपाशी. आत्या ढसाढसा रडली. काही दुःखाने, काही पाटल्या सुटल्या म्हणून. मी हसत होतो आणि नाकातून पाणी येत होतं. मामाने पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मी कोसळलो, आणि तेही काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी इंदूरला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ हुंदके, मग हसू, मग परत हुंदके.

“शिट्टी कुरिअर करतो,” मी म्हणालो.

“नको रे, मी कधीच नवा कुकर घेतला,” ती म्हणाली. “तूच ठेव. फक्त आईंना कळू देऊ नकोस.”